ऑइल सील, वाहन-एंजिनाचे

एंजिनाच्या पेटीतून फिरता दंड ज्या ठिकाणी बाहेर पडतो, त्या ठिकाणी आतील वंगण तेल बाहेर गळू नये व बाहेरील धूळ आणि पाणी आत शिरू नये म्हणून बसविलेल्या कड्यास ऑइल सील म्हणतात. दोन स्थिर भागांमधील सांधा बंद करण्यासाठी कागद, बूच किंवा पातळ पत्रा यांचे जे अस्तर घालतात ते गॅस्केट होय. त्यास बोलीभाषेत ‘पॅकिंग’ असेही म्हणतात. गॅस्केटचे काम तुलनेने सोपे असते, कारण त्याच्या दोन्ही बाजू स्थिर असतात. ऑइल सीलची एक बाजू पेटीत घट्ट बसलेली असते, तर दुसरी बाजू मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या दंडास टेकलेली असते. दंडास स्पर्श केला नाही तर तेल गळते आणि घट्ट स्पर्श केला तर घर्षणाने सील जळते व दंडही झिजतो. या दोन दोषांमधून वाट काढण्याचा प्रयत्न म्हणजेच सीलचा इतिहास होय. प्रस्तुत नोंदीत या इतिहासाबरोबरच अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या, म्हणजे वऱ्हाडच्या परिसरात वाहनांची गळती थोपविण्याच्या ज्या रीती रूढ झाल्या त्यांचा, तसेच सील घरच्या घरी बदलण्याच्या पद्धतीचा परामर्श घेतला आहे.

पूर्वपीठिका : फिरत्या भागातील वंगण टिकवून धरण्याचा प्रश्न एंजिनाहून पुष्कळ जुना आहे. बैलबंडीच्या चाकाचा तुंबा लोखंडी आसावर फिरतो. आस कोरडा पडला, तर चाक कुरकुरते, तापते व बैलांवरील ओढ वाढते. म्हणून आसास ओंगण देण्याची, म्हणजे तेलकट वंगण घालण्याची रीत सर्व महाराष्ट्रात होती. तेल पातळ असल्याने ते वाहून जाई. ते धरून ठेवण्यासाठी आसाभोवती तेलात भिजविलेल्या चिंध्या किंवा तागाचा काथ्या गुंडाळीत. चिंधीचे हे वेटोळे तेल साठविते, हळूहळू सोडते आणि काही प्रमाणात धूळही अडविते. पुढील काळातील नमद्याचे कडे व दोरीचे सील ही तत्त्वतः याच वेटोळ्याची सुधारलेली रूपे होत. कापसाच्या हंगामात बाजाराकडे जाणाऱ्या बंड्यांच्या रांगा हे वऱ्हाडातील नित्याचे दृश्य होते. वाटेत आस कोरडा पडणे म्हणजे मालासह रात्र रस्त्यावर काढणे, याची जाणीव असल्यामुळे ओंगणाचे नळकांडे बंडीस बांधलेले असे.

वाफेचे युग : टॉमस न्यूकोमेन यांनी इ. स. १७१२ मध्ये उभारलेल्या वाफ एंजिनात दट्ट्या व सिलिंडर यांमधील फट बंद करण्यासाठी दट्ट्यावर चामड्याची चकती घालीत व तिच्यावर पाण्याचा थर ठेवीत. पाण्यामुळे सिलिंडर थंड होऊन इंधनाचा अपव्यय होई. जेम्स वॉट यांनी १७६९ मध्ये आपल्या सुधारणेचे एकस्व (पेटंट) घेतले, तेव्हा पाण्याऐवजी तेल, मेण, चरबी इ. पदार्थांनी फट बंद करण्याची कल्पना त्यात नमूद केली होती. जॉन विल्किन्सन यांच्या छिद्रण यंत्रावर १७७५ च्या सुमारास अचूक गोलाईचे सिलिंडर तयार होऊ लागले व गळतीचा प्रश्न पुष्कळसा आटोक्यात आला. गळती थांबविण्याचा पहिला उपाय म्हणजे भागांची अचूक घडाई आणि दुसरा म्हणजे मध्ये घातलेले भरण, हा क्रम त्या वेळेपासून आजतागायत कायम आहे.

दट्ट्याचा दांडा सिलिंडराबाहेर जेथे पडतो तेथे भरणपेटी असे. तिच्यात चरबीत भिजविलेली तागाची किंवा सुताची वेणी दांड्याभोवती वेटोळे घालून बसवीत आणि वरील झाकण बोल्टांनी आवळून ती दाबीत. भरण झिजले की झाकण थोडे अधिक आवळावयाचे व पुरते झिजले की जुनी वेणी उकरून काढून नवी भरावयाची, एवढेच हे काम होते. जलीय दाबयंत्रासाठी (जोझेफ ब्रामा, १७९५) चामड्याचे वाटीसारखे कडे वापरात आले. ही कल्पना हेन्री मॉड्स्ली यांची असल्याचे मानले जाते. या कड्यात आतील दाब जसजसा वाढतो तसतशी कड्याची कड भिंतीवर अधिकाधिक दाबली जाते. ज्याला थोपवावयाचे त्याच्याच दाबाचा उपयोग करून घेण्याचे हे तत्त्व आधुनिक सीलच्या मुळाशी आहे.

वऱ्हाडात ही यंत्रे कापसामुळे आली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानातील कापसाची निकड भासली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला व बडनेरा या स्थानकांवरून १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. पुढील काही दशकांत अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा, अकोट इ. गावी सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने निघाले. त्यांतील वाफ एंजिने चालू ठेवण्यासाठी फिटर, लोहार व तेलवाले यांचा एक नवा कारागीर वर्ग तयार झाला. भरणपेटी कितपत आवळावी हे पुस्तकातून शिकण्यासारखे नव्हते. सैल राहिली तर वाफ वाया जाते, फार आवळली तर दांड्यावर ओरखडे उठतात. योग्य प्रमाण हातालाच कळावे लागते. हे हस्तज्ञान बापाकडून मुलाकडे व उस्तादाकडून शागिर्दाकडे आले. पुढे मोटारगाड्यांची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींच्या पहिल्या पिढीला ते आयतेच उपयोगी पडले.

या परंपरेचे दीर्घकाळ टिकलेले उदाहरण म्हणजे ‘शकुंतला’ या नावाने ओळखली जाणारी अरुंद मापाची आगगाडी होय. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी संस्थेने स्थापन केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीचे हे मार्ग ७६२ मिमी. रुंदीचे असून मूर्तिजापूर (जि. अकोला) या जंक्शनातून एक फाटा यवतमाळकडे (सु. ११३ किमी.) व दुसरा अचलपूरकडे (जि. अमरावती, सु. ७६ किमी.) जातो. स्वातंत्र्योत्तर काळात देशातील रेल्वेमार्गांचे राष्ट्रीयीकरण झाले. तथापि या मार्गांची मालकी कंपनीकडेच राहिली व गाड्या भारतीय रेल्वे चालवीत असे. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये तयार झालेले वाफ एंजिन १९२३ पासून सत्तर वर्षांहून अधिक काळ येथे काम करीत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त करण्यात आले व त्याची जागा डीझेल एंजिनाने घेतली. एवढ्या काळात अशा एंजिनाची भरणे व झडपांचे सांधे असंख्य वेळा बदलावे लागतात. कारखान्यातून सुटा भाग येण्याची वाट न पाहता वेणी कापून, भिजवून जागेवरच बसविता येत असल्यामुळेच अशी एंजिने इतकी वर्षे चालू शकली. डीझेल एंजिनात ही मुभा उरली नाही. तेथे ठरावीक मापाचे कडेच लागते. या दोन्ही मार्गांवरील गाड्या २०२० पर्यंत बंद पडल्या.

मोटारगाडी व सुरुवातीच्या योजना : आरंभीच्या मोटारगाड्यांत तेल थोडे थोडे गळणे हा दोष मानला जात नसे. काही एंजिनांत तर वंगण तेल एकदा वापरून बाहेर टाकून देण्याचीच योजना होती. पुढे भुजादंडावर, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेतील क्रँकवर, एक बारीक कडा ठेवू लागले. दंड फिरताना कडेवरील तेल केंद्रोत्सारी प्रेरणेने बाहेर फेकले जाऊन पन्हळीतून परत पेटीत पडते. दुसऱ्या योजनेत दंडावर उलट्या आट्यांची खाच पाडीत. दंड फिरू लागला की, ही खाच मळसूत्राप्रमाणे तेल आत ओढते. या दोन्ही योजनांत स्पर्श नसल्याने झीज नाही. पण एंजिन थांबले की, खाचेत उरलेले तेल बाहेर ठिबकते. हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बॅसडर मोटारीचे (१९५८–२०१४) जुन्या धाटणीचे १,४८९ घ. सेंमी. क्षमतेचे पेट्रोल एंजिन या उलट्या खाचेच्या प्रकारातील होते. गाडी उभी राहते तेथे तेलाचे डाग पडावयाचेच, हा तिच्या मालकांचा अनुभव बव्हंशी या रचनेतून आला होता; त्यात दुरुस्त करण्यासारखे काही असेलच असे नाही.

तिसरी योजना दोरीच्या सीलची. ग्रॅफाइट लावलेली ॲस्बेस्टसाची जाड दोरी दोन अर्धवर्तुळाकार खाचांत ठोकून बसवीत. एक अर्ध एंजिनाच्या ठोकळ्यात व दुसरे मागील धारव्याच्या टोपीत असे. ही दोरी म्हणजे वाफ एंजिनाच्या भरणाचाच वारसा होय. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने जोडणी सुरू केलेल्या जीप गाड्या वऱ्हाडात सरकारी खाती, जंगल ठेकेदार व मोठे शेतकरी यांच्याकडे पोहोचल्या. परतवाड्याहून सेमाडोह, धारणी किंवा चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या घाटात एंजिन चढावर तापते, तेल पातळ होते व मागील सीलमधून गळून क्लचवर पडते. तेलकट झालेला क्लच घसरू लागला की, चढावर गाडीची ओढ नाहीशी होते. मेळघाटच्या वाटेवर हा दोष केवळ तेलाच्या खर्चाचा राहत नाही, तर प्रवाशांच्या सुरक्षिततेचा होतो.

राज्य परिवहनाच्या गाड्यांची व्यवस्था वेगळी होती. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली व महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर विदर्भातील प्रवासी वाहतूकही महामंडळाच्या कक्षेत आली. आगारातील किरकोळ दुरुस्ती, विभागीय कार्यशाळेतील मोठी दुरुस्ती व नागपूरजवळील हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळेतील पुनर्बांधणी अशी तिची पायरी आहे. ठरावीक अंतर धावल्यानंतर भाग बिघडण्यापूर्वीच बदलण्याची शिस्त या व्यवस्थेने रुजविली. अमरावती येथील शासकीय तंत्रनिकेतन (१९५५) व शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६४), तसेच औद्योगिक प्रशिक्षण संस्था व १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील प्रशिक्षण यांमुळे हस्तज्ञानास लेखी शिक्षणाची जोड मिळाली.

ओठाचे सील : आज सर्वत्र वापरात असलेल्या सीलमध्ये पोलादी पत्र्याच्या कड्यास लवचिक पदार्थाची एक निमुळती कड जोडलेली असते, तिला ओठ म्हणतात. ओठाच्या पाठीमागे बारीक तारेच्या वेटोळ्याची वर्तुळाकार स्प्रिंग असते व ती ओठ दंडावर हलकेच दाबून धरते. प्रारंभी हे ओठ चामड्याचे असत. चामडे तेल शोषून घेते व खडबडीत दंडावरही टिकते. मात्र उष्णतेने ते कडक होऊन आकसते. ऑस्ट्रियन अभियंते व्हाल्टर झिमर यांनी १९२९ च्या सुमारास जर्मनीतील फ्रॉइडेनबर्ग या चामड्याच्या उद्योगासाठी असे तयार कडे विकसित केले व ते त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते व मऊ पडते, म्हणून ते या कामी निरुपयोगी होते. जर्मनीत १९३० च्या सुमारास शोधलेल्या व त्या दशकात बाजारात आलेल्या नायट्राइल या संश्लेषित रबराने ही अडचण दूर केली. पुढे अधिक तापमानासाठी सिलिकोन रबर व फ्ल्युओरिनयुक्त रबर यांचा वापर सुरू झाला. नायट्राइल सामान्यतः १००°–१२०° से. पर्यंत, तर फ्ल्युओरिनयुक्त रबर सु. २००° से. पर्यंत टिकते.

ओठ व दंड यांमध्ये तेलाचा अत्यंत पातळ, सु. एक-दोन मायक्रोमीटर (मिलिमीटराचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) जाडीचा थर असतो. हा थर नसेल तर ओठ काही वेळातच जळून जाईल. ओठाची तेलाकडील बाजू तीव्र उताराची व हवेकडील बाजू सौम्य उताराची ठेवतात. या असमानतेमुळे दंड फिरत असताना थरातील तेल सतत आतल्या बाजूस ढकलले जाते. चांगले सील तेलास केवळ अडवून धरीत नाही, तर बाहेर येऊ पाहणारे तेल परत आत पाठविते. म्हणूनच सील उलटे बसविले, तर ते नवे असूनही तेल बाहेर उपसू लागते.

दुचाकी व घरगुती दुरुस्ती : परवाना पद्धतीच्या काळात स्कूटरसाठी नोंदणी करून अनेक वर्षे वाट पहावी लागे. पुण्याजवळील आकुर्डी येथे तयार होणारी बजाज स्कूटर, १९७२ नंतर तिचे चेतक हे रूप, त्याच सुमारास आलेली लुना, तसेच राजदूत व येझदी या मोटारसायकली ही वऱ्हाडातील शिक्षक, कारकून, व्यापारी व शेतकरी यांची वाहने होती. मिळविण्यास इतकी दुर्लभ असलेली वस्तू बिघडली म्हणून टाकून देण्याचा प्रश्न नव्हता. ती दुरुस्तच करावी लागे. वाहनाचा मालक सुटीच्या दिवशी अंगणात जुने धोतर वा पोते अंथरून, शेजारच्या जाणत्याच्या मदतीने एंजिन उघडीत असे. भागांचा क्रम विसरू नये म्हणून ते काढले त्या ओळीने मांडून ठेवण्याची सवय, बोल्टांसाठी वेगवेगळ्या वाट्या व रॉकेलमध्ये भाग धुण्याची परात ही या घरगुती कार्यशाळेची साधनसामग्री होय.

ही वाहने द्विधाव (टू-स्ट्रोक) एंजिनाची असल्याने त्यांत सीलचे महत्त्व विशेष होते. या प्रकारात पेट्रोल, तेल व हवा यांचे मिश्रण प्रथम भुजादंडाच्या पेटीत खेचले जाते व तेथे किंचित दाबले जाऊन सिलिंडरात जाते. पेटीच्या दोन्ही बाजूंस असलेली सील केवळ तेलच नव्हे, तर हा दाब व निर्वातही सांभाळतात. प्रचक्राच्या (फ्लायव्हीलच्या) बाजूचे सील गेले, तर त्यातून जादा हवा आत शिरते, मिश्रण विरळ होते, एंजिन आपोआप जलद फिरू लागते, तापते व शेवटी दट्ट्या सिलिंडरात धरून बसतो. क्लचच्या बाजूचे सील गेले, तर दंतचक्रपेटीतील तेल निर्वातामुळे आत ओढले जाऊन जळते. अशा वेळी जमिनीवर तेलाचा एक थेंबही दिसत नाही. मात्र नळीतून दाट पांढुरका धूर येतो, ठिणगी-गुडदी (स्पार्क प्लग) वारंवार काळवंडते व दंतचक्रपेटीतील तेल अकारण कमी होते. हा धूर पाहून दट्ट्याची कडी झिजल्याचे निदान होई व सिलिंडर घासून घेण्याचा मोठा खर्च व्यर्थ केला जाई. दोष मात्र काही रुपयांच्या कड्यात असे. गळती दिसत नसतानाही सीलवर संशय घेता येणे ही जाणत्या मिस्त्रीची खूण मानली जाई.

सील बदलण्याची रीत : (१) निदान : गळणारे तेल वाऱ्याने व उताराने मागे व खाली पसरत असल्याने जेथे ते ठिबकते तेथे दोष असतोच असे नाही. म्हणून एंजिन प्रथम स्वच्छ धुऊन कोरडे करतात, काही वेळ चालवितात व तेल सर्वांत वर व सर्वांत पुढे कोठे दिसते ते पाहतात. वरील झाकणाचे गॅस्केट, तेल काढण्याचा बोल्ट व गाळणीची बैठक या सोप्या जागा आधी तपासणे इष्ट असते. (२) श्वसननळी : दट्ट्याच्या बाजूने थोडा वायू नेहमीच पेटीत उतरतो. तो बाहेर जाण्याची नळी काजळीने तुंबली, तर पेटीत दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येते. नळी साफ न करता सील बदलल्यास नवे सीलही थोड्याच दिवसांत गळू लागते. घरगुती दुरुस्ती फसण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. (३) उकल : तेल काढून घेऊन कप्पी वा प्रचक्र काढतात. त्यासाठी योग्य ओढणीचा (पुलरचा) उपयोग करावा लागतो. हातोडा मारल्यास दंड वाकतो किंवा त्याच्या टोकावरील आटे बिघडतात. जुने सील उपसताना पेचकसाचे टोक दंडास लागू देऊ नये. दंडावर केसाएवढा ओरखडा राहिला, तरी तेवढ्यातून तेल वाट काढते.

(४) तपासणी : जुन्या सीलच्या ओठाने दंडावर खाच पाडली आहे का, हे नखाने चाचपून पाहतात. नख अडकत असेल, तर नवे सील मूळ जागेपासून एक-दोन मिमी. पुढे-मागे बसवितात, म्हणजे ओठ न झिजलेल्या भागावर टेकतो. खाच खोल असल्यास दंडावर पातळ पोलादी वेष्टन चढवितात. धारवा झिजून दंड हलत असेल, तर कोणतेही सील टिकत नाही. तेथे आधी धारवा बदलावा लागतो. (५) बसवणी : सीलवर आतील व्यास, बाहेरील व्यास व रुंदी मिलिमीटरांत कोरलेली असते (उदा., ३५ × ५२ × ७). मोकळी स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवतात. ओठास व दंडास स्वच्छ तेल लावतात; चामड्याचे सील असल्यास ते आधी कोमट तेलात मुरवितात. दंडाच्या टोकावरील आटे व खाचा यांनी ओठ कापला जाऊ नये म्हणून त्यांवर गुळगुळीत कागद गुंडाळतात. नंतर सीलच्या बाहेरील कडेएवढ्या व्यासाचा नळीचा तुकडा किंवा सपाट लाकूड ठेवून सर्व बाजूंनी सारखे हलके ठोके देतात. तिरपे बसलेले सील गळतेच. दोरीचे सील असल्यास ती खाचेत गोल दांड्याने दाबून बसवितात व टोके खाचेच्या किंचित वर राहतील अशी धारदार पात्याने कापतात, म्हणजे दोन्ही अर्धे आवळताना टोके एकमेकांत दाबली जातात.

मोटारीच्या एंजिनाचे पुढील सील, तसेच दुचाकीचे प्रचक्राकडील सील घरी बदलता येते. मागील सीलसाठी मात्र दंतचक्रपेटी व क्लच उतरवावा लागतो. सुटा भाग स्वस्त, पण श्रम अनेक तासांचे, असे हे काम आहे. गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखाली शिरणे जिवावर बेतू शकते. भक्कम घोडे किंवा लाकडी ओंडके यांचा आधार दिल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.

गळती उपेक्षणीय केव्हा व गंभीर केव्हा, हे ठरविण्यास साधा हिशेब पुरतो. तेलाचे सु. वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर धरल्यास, एंजिन चालू असता सेकंदास एक थेंब या गतीने तासाला १८० मिलि. तेल जाते. शंभर घ. सेंमी. क्षमतेच्या मोटारसायकलीत एकूण तेल सु. एक लिटर असते. अमरावतीहून अकोल्यास (सु. १०० किमी.) अडीच तासांत पोहोचेपर्यंत त्यांतील जवळजवळ निम्मे संपेल व परतीच्या वाटेवर धारवे कोरडे पडतील. उलट, रात्रभरात फरशीवर एखादा डाग पडत असेल, तर दर आठवड्यास तेलाची पातळी पाहणे पुरेसे असते.

हवामान व पर्यावरण : वऱ्हाडचा उन्हाळा प्रखर असून अकोल्यास मे महिन्यात तापमान ४५° से. च्याही वर जाते. अशा हवेत एंजिनाच्या उष्णतेस बाहेरील थंडाव्याची मदत मिळत नाही व रबर लवकर ताठर होते. काळ्या जमिनीवरील कच्च्या वाटांची बारीक धूळ ओठावरील तेलात मिसळून घासणाऱ्या लेपासारखे काम करते. पावसाळ्यात चिखल वाळून ओठाच्या बाहेरील बाजूस कडक थर धरतो. म्हणून शेतावर चालणाऱ्या वाहनांत धूळ अडविणारा दुसरा बाह्य ओठ असलेले सील अधिक टिकाऊ ठरते. ओठ थंडीनेही निकामी होतो. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट होऊन सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. रॉकेटाच्या सांध्यातील रबरी कडी पहाटेच्या गारठ्याने ताठरली व फट वेळेवर बंद करू शकली नाहीत, हे चौकशीत निष्पन्न झाले. रिचर्ड फाइनमन या भौतिकीविज्ञांनी रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून हा दोष सर्वांसमक्ष दाखविला.

जुन्या दोरीच्या सीलमधील व गॅस्केटमधील ॲस्बेस्टसाची धूळ फुप्फुसांना घातक असते. असे सील काढताना ते कोरडे खरवडू वा फुंकू नये, ओले करून काढावे. काढलेले काळे तेल बंडीच्या लाकडास, दाराच्या चौकटीस वाळवी लागू नये म्हणून चोपडण्याचा प्रघात खेडोपाडी होता. तथापि वापरलेल्या तेलात धातूंचे कण व कर्ककारक संयुगे असतात, हे आता ज्ञात आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल मुळातच खारे आणि गोड्या पाण्याचे साठे मोजके आहेत. अशा ठिकाणी विहिरीजवळ तेल ओतणे म्हणजे उरलेले पाणीही गमावणे होय. असे तेल डब्यात साठवून पुनर्शुद्धीकरणासाठी तेल घेणाऱ्यांकडे देणे हाच योग्य मार्ग आहे.

सद्यःस्थिती : सन १९८५ नंतर चतुर्धाव (फोर-स्ट्रोक) मोटारसायकलींचा प्रसार झाला व धुरावरील निर्बंधांमुळे २००० नंतर द्विधाव वाहने मागे पडली. त्यांच्याबरोबर अंगणात एंजिन उघडण्याची प्रथाही ओसरली. नव्या एंजिनांत सीलचे आयुष्य पुष्कळ वाढले आहे. पण ते बदलण्यासाठी लागणारी विशेष हत्यारे सामान्य माणसाकडे नसतात. विजेवर चालणाऱ्या वाहनांत एंजिनाचे तेल नसले, तरी चाकाचे धारवे, गतिरोधक व दंतचक्रपेट्या यांना सीलची गरज राहतेच. अकोला येथील कृषी विद्यापीठात (स्थापना १९६९) कृषी अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते व ट्रॅक्टर, पंप आणि फवारणी यंत्रे यांच्या निगेचा प्रश्न तेथे आजही महत्त्वाचा आहे. पेरणीचा वाफसा चार-सहा दिवसांचा असतो आणि त्या दिवसांत ट्रॅक्टर एका सीलपायी उभा राहिला, तर नुकसान सीलच्या किमतीने मोजता येत नाही. त्यामुळे गळतीचा उगम ओळखणे, श्वसननळी साफ ठेवणे व योग्य मापाचे सील सरळ बसविणे एवढे ज्ञान घरोघरी असणे या प्रदेशात अद्यापि मोलाचे आहे. बंडीच्या आसाभोवती तेलाची चिंधी गुंडाळणाऱ्या शेतकऱ्याने जे काम केले तेच आजचे ऑइल सील अधिक अचूकपणे करीत असते. त्याची वेळीच पाहणी करण्याची जबाबदारी मात्र पूर्वीइतकीच वाहन वापरणाऱ्यावर आहे.